दिव्यांची पेटी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढची शाळा दुसऱ्या गावी होती आणि एकट्या मुलीला तिकडे पाठवायला घरचे तयार नव्हते, एवढेच त्याचे कारण. तेव्हापासून चार माणसांसमोर उभी राहून मी बोलले असेन तर ते पापडांचा हिशेब वाचण्यापुरते. परंतु २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या मंडळाने एकांकिका केली, तिचे दिवे मी सांभाळले, आणि तेव्हापासून जी भेटते ती विचारते, "अगबाई, ती एवढ्या बटणांची पेटी तुम्हांला कशी हो जमली?" प्रत्येकीला रस्त्यात उभे राहून थोडेथोडे सांगितले. अध्यक्षबाई म्हणाल्या, एकदा सगळ्यांना मिळून सांगा. म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

माझ्या धाकट्या दिरांचा मंडप, लाइट आणि साऊंड भाड्याने देण्याचा धंदा आहे, हे आपणां सर्वांना ठाऊक आहेच. इथल्या निम्म्या जणींच्या घरची लग्ने त्यांच्याच मांडवात लागली. त्यांचे सामान आमच्या पडवीत असते, आणि त्या सामानात ही पेटी. नाटकाचे ठरले तेव्हा भाऊजींनी दिवे फुकट द्यायचे कबूल केले, पण पेटीवर बसणारा मुलगा लग्नसराईत मोकळा नव्हता. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्हीच बसा की. तालमीला तर रोज जाताच." मी तालमीला जात होते ती चहा करायला. नाटकात मला काम नव्हते, आणि मागितले असते तरी माझे पाठांतर असे की दुसऱ्या वाक्याला पडदा पाडावा लागला असता. मी हो म्हटले आणि रात्रभर मला झोप आली नाही.

आता पेटी कशी असते ते सांगते. तिच्यावर सरकत्या दांड्यांच्या दोन ओळी आहेत, वर बारा आणि खाली बारा. ह्या दांड्यांना फेडर म्हणतात. फेडर वर सरकवला की दिवा वाढतो, खाली आणला की मंदावतो. शून्यापासून शंभरापर्यंत खुणा असतात. कडेला दोन्ही ओळींचा एकेक फेडर असतो आणि शिवाय सगळ्यांच्या वरचा एक, त्याला मास्टर म्हणतात. तो म्हणजे गच्चीवरच्या टाकीचा मुख्य कॉक. तो बंद असला तर घरातला नळ कितीही सोडा, पाणी यायचे नाही. पहिल्या दिवशी अर्धा तास मी एकेक फेडर वरखाली करीत होते आणि एकही दिवा लागत नव्हता. वायर तपासल्या, फ्यूज तपासले, भाऊजींना फोन केला. ते म्हणाले, "मास्टर वर आहे ना?" तो खाली होता. त्यानंतर कधी दिवा लागला नाही तर मी आधी मास्टरकडे पाहते.

पेटीवरची सगळी अक्षरे इंग्रजी. मला ती लागतात, पण वाचायला वेळ लागतो, आणि अंधारात बसून वाचायची म्हणजे पंचाईतच. म्हणून मी पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे कापले आणि त्यांवर मराठीत लिहून जागोजाग चिकटवले. 'सगळे', 'वरची ओळ', 'खालची ओळ', 'लिही', 'पान'. आणि एक तांबडे बटण असते, ते दाबले की सगळा रंगमंच एका क्षणात काळोखा होतो. त्याच्यावर 'अंधार' असे लिहिले, आणि कोपर लागून भलत्या वेळी दाबले जाऊ नये म्हणून वर आगपेटीचे रिकामे खोके उपडे चिकटवले. भाऊजी हसले. पण आता त्यांच्या मुलांनी ते खोके काढलेले नाही, हे मी पाहून ठेवले आहे.

पेटीतून निघते ती एकच बारीक वायर. ती पहिल्या दिव्यात जाते, तिथून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. मग पेटीने सांगितलेले नेमके त्याच दिव्याला कसे कळते? ह्याचे मला फार नवल वाटले होते. ह्या पद्धतीला डीएमएक्स ५१२ म्हणतात; अमेरिकेतल्या नाट्यतंत्रज्ञांच्या संस्थेने १९८६ साली ती ठरवली, आणि आता जगभर वेगवेगळ्या कारखान्यांच्या पेट्या व दिवे तीच भाषा बोलतात. भाऊजींनी मला ती समजावली, पण मला समजली ती पंगतीवरून. असे समजा की पाचशे बारा पानांची एक लांब पंगत बसली आहे आणि एक वाढपी पहिल्या पानापासून वाढीत चालला आहे. तो कोणाचे नाव घेत नाही. प्रत्येक पानावर शून्य ते दोनशे पंचावन्न ह्यांपैकी एक आकडा ठेवतो आणि पुढे जातो. पंगत संपली की पुन्हा पहिल्यापासून, आणि हे एका सेकंदात चाळीसएक वेळा. दिव्याचे काम एवढेच, की आपले पान कितवे ते लक्षात ठेवायचे आणि त्यावर पडेल तेवढेच उचलायचे.

आमच्याकडे आठ मोठे हॅलोजनचे दिवे होते. त्यांच्यासाठी चारचार दिव्यांचे दोन डिमर. एकाचे पान एकपासून, दुसऱ्याचे पाचपासून. शिवाय मागच्या बारवर चार एलईडी दिवे. ह्या एका दिव्याला चार पाने लागतात: पहिले एकूण उजेडाचे, मग तांबडा, हिरवा आणि निळा. चारही दिव्यांना मी एकच जागा दिली, नऊपासून बारापर्यंत, म्हणजे चौघेही एकासारखे वागतील. झाली बारा पाने, आणि पेटीवर फेडरही बाराच. पण पहिल्यांदा एका दिव्याच्या पाठीमागच्या खिडकीत मी नवाच्या जागी आठ लावला. मग काय विचारता! बारावा फेडर वर केला की तिघे निळे होत आणि हा मख्ख बसे. अकरावा केला की तिघे हिरवे आणि हा निळा. एक पान अलीकडे बसल्यामुळे तो शेजारणीचे वाढलेले खात होता.

एलईडी दिवा डिमरवर कधीही लावू नये, त्याला सरळ वीज द्यावी; त्याची बुद्धी त्याच्या पोटातच असते. हॅलोजनची गोष्ट वेगळी. एकेक दिवा हजार वॅटचा. आठही पूर्ण लावले तर आठ हजार वॅट, म्हणजे २३० व्होल्टवर सुमारे ३५ अँपियर. घरच्या साध्या जोडणीवर हे करू म्हणाल तर गल्लीसकट अंधार होईल. हॉलच्या वायरमनला विचारून मगच आम्ही दोन वेगळ्या लायनींवर विभागून लावले. ह्या दिव्यांचा एक गुण मला फार आवडतो. मंद केला की तो पिवळसर, केशरी होत जातो, दिवेलागणीच्या उजेडासारखा. एलईडीला हे आपोआप जमत नाही. तो मंद झाला तरी पांढरा तो पांढराच राहतो.

मधल्या काळात भाऊजींच्या ओळखीचे एक जुने प्रकाशयोजनाकार घरी आले होते. त्यांच्याकडून मी ऐकले की पूर्वी दिवा मंद करण्यासाठी मिठाच्या पाण्याच्या बरण्या असत. पाण्यात दोन पत्रे; ते जवळ आणले की दिवा वाढे, दूर नेले की उतरे. मला मिठाचे पाणी लोणच्याच्या बरणीपुरते माहीत! विष्णुदास भाव्यांनी सांगलीला १८४३ साली सीतास्वयंवर केले तेव्हा विजेचा दिवा नव्हताच. पुढे १८८१ साली लंडनचे सॅव्हॉय नाटकगृह सगळे विजेच्या दिव्यांनी उजळले. आणि कलकत्त्याला १९५९ साली 'अंगार' नाटकात तापस सेन ह्यांनी कोळशाच्या खाणीत पाणी भरत चालल्याचे नुसत्या दिव्यांनी दाखवले होते. हे सांगताना त्या गृहस्थांचे डोळे भरून आले होते. चहा गार झाला तरी त्यांनी कप उचलला नाही.

असो. आता त्या 'लिही' बटणाचे. प्रत्येक प्रवेशाला बारा फेडर हाताने जुळवायचे म्हणजे मनुष्याला बारा हात हवेत. म्हणून पेटीला स्मरणशक्ती दिली आहे. वरच्या ओळीवर हवा तसा उजेड मांडायचा, 'लिही' दाबायचे आणि खालच्या ओळीतल्या एका फेडरचे बटण दाबायचे. तो सगळा उजेड त्या एका फेडरमध्ये जाऊन बसतो. पुढे तो एक फेडर वर केला की सबंध संध्याकाळ उभी राहते. आपल्या नाटकात असे अकरा बदल होते, ते मी पहिल्या पानावर अकरा फेडरांत लिहिले. किती सावकाश बदलायचे ते मात्र ही पेटी लक्षात ठेवीत नाही. ते आपल्या हातात. मी मनात आकडे मोजते.

इथे एक खोच आहे, ती ध्यानात घ्या. दोन फेडर एकदम वर असले आणि दोघांनी एकाच दिव्याला निरनिराळे सांगितले, तर जो जास्त सांगेल त्याचे दिवा ऐकतो. म्हणून दुपारचा फेडर वर असताना संध्याकाळचा वर केला तरी संध्याकाळ होत नाही. दुपार खाली आणावी लागते. पहिल्या तालमीत मी संध्याकाळ जोरजोराने वर करीत होते आणि रंगमंचावर ऊन लखलखत होते.

पेटीपेक्षा मला जास्त उपयोग झाला तो एका शंभर पानी वहीचा. तिच्यात प्रत्येक बदलाला एक पान. कोणता दिवा किती, किती मोजायचे, आणि केव्हा. हे 'केव्हा' मी आधी वाक्यांवर लिहिले होते. पण आपल्या काकूंचे वाक्य कधी आधी यायचे, कधी नंतर, कधी यायचेच नाही. त्या समोरच बसल्या आहेत, त्यांना विचारूनच सांगते. मग माझ्या लक्षात आले की वाक्य चुकले तरी पत्र वाचून झाल्यावर त्या चष्मा काढतात, तो कधी चुकत नाही. मी सगळी वाक्ये खोडली आणि हालचाली लिहिल्या. 'चष्मा काढते.' 'पदर खोचते.' 'खुर्चीला हात लावते.' त्यानंतर माझा बदल एकदाही चुकला नाही.

आता शेवटच्या प्रवेशाचे. घर विकले गेले आहे, म्हातारी एकटी कंदिलाशी बसली आहे, ती वात उतरवते आणि अंधारात निघून जाते. बाईंचे दिग्दर्शन. बाईंनी सांगितले, वात उतरली की मिट्ट काळोख. म्हातारी जाताना दिसता कामा नये. पण जायचे म्हणजे काकूंनी वीतभर उंचीच्या फळीवरून खाली उतरायचे आणि चार पावले चालून विंगेत शिरायचे. काकूंचे वय एकाहत्तर. एका डोळ्याचे मोतीबिंदू काढलेले, दुसऱ्याचे राहिलेले.

तिसऱ्या तालमीला मी आगपेटीचे खोके उचलून बटण दाबले आणि अंधारात धप्प असा आवाज आला. उजेड केला तेव्हा काकू फळीच्या कडेला बसल्या होत्या. लागले काहीच नव्हते, आणि त्याच म्हणाल्या, "काही नाही, पाय जरा मुरगळला." पण चहाच्या वेळी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मला नाही जमायचे गं. तूच सांग बाईंना." मी घरी गेले ती त्याच विचारात. बटण माझ्या बोटाखाली होते.

मी स्वतः घरात तसे करून पाहिले. दिव्याकडे बघत बसले आणि एकदम दिवा मालवला. काही दिसेना. मग रेग्युलेटरचा दिवा सावकाश उतरवून मालवला, तर पाटाची कड थोडी तरी कळली. भर उजेडातून अंधाराला सरावायला डोळ्यांना पुष्कळ मिनिटे लागतात, हे पुढे मुलीने तिच्या पुस्तकातून वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी मी बाईंना म्हटले, "वात उतरते त्याच्याबरोबर दिवे दहा आकडे मोजून उतरवू. आणि मागून निळा अगदी थोडा ठेवू, दहा टक्के. फळीच्या कडेला पांढरी पट्टी लावू. काकू पट्टीपलीकडे गेल्या की मग काळोख."

बाई म्हणाल्या, "अगं, अंधार म्हणजे अंधार. निळा उजेड म्हणजे सिनेमा." बाईंचा नाटकाचा अभ्यास मोठा आहे, त्यांच्यापुढे मी काय बोलणार? तरी म्हटले, "बाई, एकदा समोर बसून बघा." त्या शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. मी करून दाखवले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "दहा नको, आठ. आणि तिचे तोंड दिसता कामा नये." निळा मागून असल्यामुळे तोंड दिसत नव्हतेच. काकू परत तालमीला उभ्या राहिल्या.

प्रयोगाच्या दिवशी चार वाजता पेटी हॉलवर आली. दिवे बांधून, वायरी ओढून साडेपाच झाले. मी पहिला फेडर वर केला, आणि आमच्या सकाळच्या अंगणाच्या जागी गुलाबी आणि जांभळे! आदल्या रात्री पेटी एका लग्नाच्या संगीताला गेली होती आणि तिथल्या मुलाने त्याच पहिल्या पानावर आपले उजेड लिहिले होते. जुन्यावर नवे लिहिले की जुने गेले, आणि ह्या पेटीतून नक्कल काढून दुसरीकडे ठेवण्याची सोय नाही. त्या मुलाला बोलण्यात अर्थ नव्हता. 'पुसू नये' एवढी एक चिकटपट्टी लावायचे मलाच सुचले नव्हते. माझे हातपाय गळाले. मग पिशवीतून वही काढली.

मुलगी वाचीत गेली आणि मी लिहीत गेले. "एक सत्तर, दोन सत्तर, पाच चाळीस." लिही, बटण. साडेसहाला लोक आत यायला लागले आणि नेपथ्याची मंडळी पडद्याआड ठोकाठोक करू लागली, तोवर आठ झाले होते. उरले तीन, नववा ते अकरावा, आणि अकरावा काकूंचा. हे तीन मी वरच्या ओळीवर हाताने करायचे ठरवले. वरच्या ओळीचा कडेचा फेडर खाली ठेवायचा, म्हणजे त्या ओळीवर काही मांडले तरी रंगमंचावर दिसत नाही. आतल्या आत पुढचा उजेड मांडून ठेवायचा आणि वेळ आली की वर न्यायचा. एका शेगडीवर भाजी शिजत असता दुसरीची चिरून ठेवतो, तसेच.

आठपर्यंत ठीक झाले. नवव्याला घात झाला. वरची ओळ मी वर नेली, पण घाबरलेपणात खालचा आठवा उतरवायला विसरले. "तिन्हीसांजा झाल्या, दिवा लाव," असे सूनबाई म्हणताहेत आणि भर दुपार. प्रेक्षकांतून कोणी तरी खुदकन हसले. ते हसणे अजून माझ्या कानात आहे. पाचसहा सेकंद गेले असतील, मग मुलीने माझा हात धरून आठव्या फेडरवर नेला.

शेवटी काकू कंदिलाशी बसल्या. वरच्या ओळीवर एक, दोन आणि पाच खोलीचे. नवावर एकूण, बारावर निळा, आठ टक्के. काकूंनी वातीला हात लावला. मी तीन बोटे तीन फेडरांवर ठेवून उतरवायला लागले, एक, दोन, तीन. दहाला तिन्ही तळाला पोचले आणि मागचा निळा तेवढा राहिला. काकू उठल्या, फळीच्या कडेशी आल्या आणि थांबल्या. तालमीत त्या कधी थांबल्या नव्हत्या. विंगेतून बाई मला हाताने खूण करीत होत्या, काळोख, काळोख. काकूंचा पाय पट्टी शोधीत होता, मला इथून दिसत होते. मी आगपेटीच्या खोक्यावर हात ठेवून बसले. मनात पुन्हा मोजायला लागले. अकराला काकूंनी पाय खाली टेकला, मग दुसरा, मग चार पावले. त्या विंगेत गेल्यावर मी बटण दाबले. टाळ्या त्याच्या आधीच सुरू झाल्या होत्या.

पडदा पडल्यावर बाई म्हणाल्या, "अंधार उशिरा झाला." झालाच होता. काकूंनी माझा हात धरला, त्यांचा हात थंडगार पडला होता. त्या एवढेच म्हणाल्या, "पट्टी दिसली गं."

ती वही मी मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. तीत मागच्या बाजूला पेटीचे चित्र काढून कोणते बटण कशाचे ते मराठीत लिहिले आहे. भाऊजींनी पेटीचे दुसरे पान मंडळासाठी राखून ठेवले आहे आणि तिच्यावर 'पुसू नये' अशी पट्टी आता मी स्वतः लावली आहे. येत्या रविवारी चार वाजता पेटी आणि दोन दिवे इथे सभागृहात आणणार आहे. ज्यांना हात लावून पाहायचा असेल त्यांनी यावे, जवळचा चष्मा विसरू नये, आणि मास्टर वर आहे ना ते आधी पाहावे.